रिकाम्या हाताची सहा वर्षं



शीर्षक वाचून हा लेख उपासतापासाचा आहे असं कुणाला वाटलं असेल, तर आधीच सांगतो, हा लेख शिकाऱ्याचा आहे. आमच्या घरी आजोबांच्या गळ्यात माळ होती, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलं नाही कधी. अशा घरातल्या कॉम्प्युटर इंजिनिअरने दिवाळी अंकात शिकाऱ्याचं चरित्र लिहावं याचं मलाही आश्चर्यच वाटतंय. पण त्याला कारण आहे.

आपल्या मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा मोसम साधारण १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ जानेवारीला संपतो. मधले १५ ते ३० नोव्हेंबर हे दिवस मुख्यतः बंदूकवाल्यांचे. म्हणजे नवरात्राच्या सुमारास सुरू झालेलं प्रकरण दसरा, दिवाळी, थँक्सगिव्हिंग, नाताळ असं सगळं ओलांडून नव्या वर्षात जाऊन थांबतं. आमचे शेजारी सत्तरीतले, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माझी मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. ते दरवर्षी या मोसमात पहाटे चारला उठून थर्मासमध्ये कॉफी भरतात, रानात झाडावरच्या मचाणावर जाऊन बसतात, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतात. इतकी वर्षं मी खिडकीतून त्यांना बघायचो आणि मनात म्हणायचो, की या माणसाला कंटाळा कसा येत नाही?

२०२३ साली हा प्रश्न मला स्वतःसाठी पडला. अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्टचं विसर्जन झालं आणि त्याबरोबर माझ्या नोकरीचंही. एच-वन व्हिसावाल्यांना साठ दिवसांचं गणित समजावून सांगायची गरज नाही. साठ दिवसांत नवी नोकरी, नाहीतर बाडबिस्तरा. मुलगी दुसरीत, घराचे हप्ते चालू. पहिले पंधरा दिवस मी झपाटल्यासारखे अर्ज पाठवले. नंतर मात्र सकाळी लॅपटॉप उघडायचीच भीती वाटायला लागली. इनबॉक्समध्ये नकार असायचे, नाहीतर काहीच नसायचं.

शेजारच्या आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही. एका पहाटे मला बरोबर येतोस का एवढंच विचारलं. बायकोचं म्हणणं, की घरात हा गोंधळ चाललेला असताना रानात कसले जाता? तिचं काही चूक नव्हतं. पण गेलो. माझ्या हातात धनुष्य नव्हतं, मी नुसता शेजारच्या झाडावर बसलो. तीन तास. हरीण दिसलं नाही. परत येताना गाडीत त्यांनी मला फ्रेड बेअर यांची गोष्ट सांगितली. मग मी जमेल तिथून त्यांच्याबद्दल वाचून काढलं. ती गोष्ट आता तुम्हाला सांगतो.

बेअर म्हणजे अस्वल. आपल्याकडे वाघ, कोल्हे, लांडगे असतात, तसे हे अस्वल. जन्म ५ मार्च १९०२, पेन्सिल्व्हेनियातल्या वेन्सबरो गावी. वडिलांना शिकारीचा नाद, त्यामुळे लहानपणापासून रानाची ओळख होती. पण ती बंदुकीची. धनुष्यबाणाचा त्यात काही संबंध नव्हता.

१९२३ साली एकविसाव्या वर्षी फ्रेड नोकरीसाठी डेट्रॉइटला आले. तेव्हाचं डेट्रॉइट म्हणजे आजची बे एरिया समजा. ज्याच्या हातात हुन्नर आहे, त्याने तिकडची वाट धरायची. फ्रेड पॅकार्ड मोटार कंपनीत पॅटर्नमेकर म्हणून लागले. धातूचं ओतकाम करायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना कोरावा लागतो, तो करणारा हा कारागीर. केसाइतकी चूक चालत नाही. हे काम पुढे त्यांना फार उपयोगी पडलं.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइटच्या एका थिएटरात त्यांनी एक चित्रपट पाहिला. आर्ट यंग नावाचा शिकारी अलास्कात धनुष्यबाणाने शिकार करतो, त्याचं चित्रण होतं. फ्रेड ते बघून वेडावलेच.

या यंगमागेही एक परंपरा आहे, ती थोडक्यात सांगतो. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा एक एकटा माणूस सापडला. त्याची सगळी माणसं संपली होती. लोक त्याला इशी म्हणायचे, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त माणूस. त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलं. तिथले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकले. १९१६ साली इशी क्षयाने गेला. आर्ट यंग हे या पोप यांचे शिकारीतले जोडीदार. म्हणजे एका नामशेष झालेल्या जमातीच्या शेवटच्या माणसाने दिलेली विद्या डॉक्टरांमार्फत यंगकडे, आणि यंगकडून डेट्रॉइटच्या या तरुण कारागिराकडे आली. फ्रेड पुढे यंगना भेटले, त्यांच्याकडून धनुष्य, बाण आणि दोरी करायला शिकले. आपण याला गुरुशिष्यपरंपरा म्हटलं असतं.

१९२९ साली फ्रेड पहिल्यांदा धनुष्य घेऊन हरणाच्या मागे गेले. आणि धनुष्याने पहिलं हरीण मिळालं १९३५ साली!

मंडळी, इथे जरा थांबू या. मध्ये सहा वर्षं गेली. या वर्षांत अमेरिकेत महामंदी आली. डेट्रॉइटमध्ये लोक रोज नोकऱ्या गमावत होते. फ्रेड ज्या कारखान्यात काम करत होते तो १९३३ साली आगीत जळाला, आणि तेही बेकार झाले. तेव्हा एका मित्राबरोबर अगदी थोड्या भांडवलावर त्यांनी छोटा धंदा सुरू केला. मुख्य काम मोटार कंपन्यांच्या जाहिरातींची स्क्रीन प्रिंटिंगची छपाई. धनुष्यबाण करणं हे बाजूचं काम, कोपऱ्यातल्या बाकावरचं.

त्यात धनुष्याने शिकार किती कठीण असते हे मला मचाणावर बसल्यावर कळलं. बंदुकीची गोळी दोनशे पावलांवर काम करते. साध्या धनुष्याला हरीण वीस-पंचवीस पावलांवर यावं लागतं. हरणाचं नाक इतकं तिखट, की वारा फिरला की खेळ खलास. आणि ते जवळ आलं तरी धनुष्य ओढताना हात हलतो, तेवढी हालचालही त्याला दिसते. शिवाय तेव्हाची लाकडी धनुष्यं कडाक्याच्या थंडीत मोडायची, दमट हवेत त्यांचा जोर कमी व्हायचा. धनुष्यवाल्यांसाठी मिशिगनमध्ये वेगळा मोसमही नव्हता, तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. म्हणजे बंदुकीच्या आवाजांनी हरणं आधीच बिथरलेली असायची, आणि त्यांच्यामागे हा माणूस लाकडाची काठी आणि दोरी घेऊन निघायचा.

मग सहा वर्षं टिकला कसा? नुसत्या चिकाटीने, असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. चिकाटी तर माझ्याकडेही पहिले पंधरा दिवस होती.

मला जे दिसलं ते असं. फ्रेड रानातून रिकाम्या हाताने यायचे, पण बाकावर रिकाम्या हाताने बसायचे नाहीत. त्यांना दुरुस्त करायला काहीतरी सापडलेलं असायचं. दोरी ओढून बोटं सोलवटतात, तर बोटांसाठी चामड्याचा हातमोजा. पाठीवरच्या भात्यातून बाण काढायला मोठी हालचाल होते, झुडपात तो अडकतो, तर धनुष्यालाच जोडलेला भाता. त्यातला हातमोजा १९३० च्या दशकातला, भाता १९४० च्या दशकातला, दोन्ही त्यांच्या नावावर आहेत. लाकडी धनुष्य मोडतं, तर वर्षानुवर्षं प्रयोग करून १९५० च्या सुमारास त्यांनी लाकडाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चिकटवून धनुष्य बनवलं. ते थंडीत मोडत नाही, दमटपणाने मऊ पडत नाही, आणि साच्यात घालून हजारोंनी तयार करता येतं. पॅटर्नमेकरची सगळी विद्या त्यात आली. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फसलेली फेरी हा त्यांच्यासाठी बग रिपोर्ट होता. फक्त तो लिहून ठेवून ते झोपी जात नव्हते.

१९३९ च्या सुमारास त्यांनी छपाईचा धंदा भागीदारावर सोपवला आणि पूर्णवेळ धनुष्यबाणात उडी घेतली. १९४७ साली कारखाना मिशिगनच्या उत्तरेला ग्रेलिंग गावी, ऑ सेबल नदीच्या काठच्या भागात नेला. तेव्हा धनुष्याने शिकार करणारे मूठभर. म्हणजे माल विकायच्या आधी गिऱ्हाईक तयार करायचं होतं! त्यासाठी फ्रेड गावोगाव हिंडले, नेमबाजी करून दाखवली, शिकारीचे चित्रपट काढले. राज्याराज्यांत धनुष्यासाठी वेगळा मोसम सुरू व्हायला अशा लोकांच्या खटपटीचा मोठा हात आहे.

दुसरी गोष्ट ध्रुवीय अस्वलाची. अलास्काच्या उत्तरेला बर्फावर जाऊन फक्त बाणाने ध्रुवीय अस्वल मारायचं त्यांनी ठरवलं. १९६० साली गेले, अस्वल अंगावर आलं आणि वाटाड्याला बंदूक चालवावी लागली. १९६२ साली पुन्हा तेच. माणूस वाचला, अस्वल पडलं, पण त्यांच्या हिशेबात दोन्ही मोहिमा शून्य. १९६६ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते तिसऱ्यांदा गेले. तीन आठवड्यांहून जास्त बर्फावर तंबूत राहिले, आणि अखेर जमलं. मधल्या काळात १९६३ साली ते आपल्या भारतातही आले होते आणि इथे त्यांनी धनुष्याने वाघ मारला.

हे वाचताना मला बरं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा ते कायदेशीर होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने भारतात वाघाला संरक्षण मिळालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतही ध्रुवीय अस्वलाच्या खेळाच्या शिकारीला चाप बसला. चरित्रनायकाचं सगळंच आपल्याला पटलं पाहिजे असं नाही. मला त्यांचा वाघ नको, त्यांचा कामाचा बाक हवा आहे.

पुढचं थोडक्यात. १९६८ साली त्यांनी कंपनी विकली, पण काम सोडलं नाही. १९७० च्या दशकात ग्रेलिंगच्या कारखान्यात संप झाला आणि १९७८ साली कारखाना फ्लोरिडात गेन्सव्हिलला गेला. पंचाहत्तरी ओलांडलेले फ्रेडही गेले. २७ एप्रिल १९८८ रोजी तिथेच ते वारले. त्यांची रक्षा मात्र मिशिगनला परत आली, ऑ सेबल नदीच्या परिसरात विसर्जित केली गेली. आपल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. अस्थी कुठे न्यायच्या, हे घर कुठे होतं यावर ठरतं.

आता माझं. ती गोष्ट ऐकली त्या संध्याकाळी मी एक वही घेतली. नकार मोजायचे नाहीत, रोज एक गोष्ट दुरुस्त करायची, एवढंच ठरवलं. एका मुलाखतीत डेटाबेसच्या प्रश्नावर अडखळलो, तर रात्री तोच विषय. रेझ्युमेचं पहिलं पान कोणी वाचत नाही असं लक्षात आलं, तर ते नव्याने लिहिलं. खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. यंदा हात जोडताना जरा जास्त वेळ लागला. शनिवारी पहाटे आजोबांबरोबर मचाणावर. बायकोने तिसऱ्या खेपेला स्वतःच थर्मास भरून दिला, तेव्हा समजलो की घरातलं वातावरण निवळतंय.

भाऊबीज झाली, आणि त्यानंतरच्या आठवड्यात एक काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, कंत्राटी, रोज सव्वा तास गाडी चालवून जायचं. साठातले थोडेच दिवस उरले होते. वहीमुळे काम मिळालं असं मी म्हणणार नाही, नशिबाचाही भाग असतो. माझ्यासारख्याच मेहनती दोन मित्रांना तेव्हा परत जावं लागलं. पण वहीमुळे मी रोज सकाळी लॅपटॉप उघडू शकलो, एवढं खात्रीने सांगतो.

आणि शेजारच्या आजोबांना त्या मोसमात काय मिळालं? काही नाही. १ जानेवारीच्या संध्याकाळी ते परत आले, मचाणाची शिडी गॅरेजला टेकवून ठेवली, आणि दिव्याखाली बसून तिची करकरणारी पायरी घट्ट करायला लागले. पुढचा ऑक्टोबर नऊ महिन्यांवर होता.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या आणि नव्या वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा! ज्यांचा मोसम अजून चालू आहे, त्यांना थोड्या जास्तच.