दि. बा. पाटील

दिनकर बाळू पाटील (१३ जानेवारी १९२६, जासई – २४ जून २०१३, पनवेल) हे महाराष्ट्रातील वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते आणि संसदपटू होते. नवी मुंबईच्या उभारणीसाठी जमिनी संपादित झालेल्या शेतकऱ्यांच्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी केले. ते 'दिबा' या नावाने ओळखले जात.

पार्श्वभूमी

पाटील यांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) उरण तालुक्यातील जासई येथे आगरी शेतकरी कुटुंबात झाला. खाडीकाठच्या या भागात भातशेती, मिठागरे व मासेमारी ही उपजीविकेची साधने होती. भरतीच्या पातळीखालील खारजमीन मातीच्या बांधांमुळेच पिकाखाली राहत असे. समुद्राकडील बांधास बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीत सोडले जाते. बांधास खांड पडल्यास खारे पाणी शेतात शिरून जमीन अनेक वर्षे नापीक होते. त्यामुळे गावकरी दरवर्षी सामूहिक श्रमाने बांधांची डागडुजी करीत. जिल्ह्याच्या काही भागांत या पद्धतीस जोळ म्हणतात.

राजकीय कारकीर्द

कायद्याची पदवी घेतल्यावर पाटील यांनी वकिली केली. १९५७ मध्ये ते पनवेल मतदारसंघातून विधानसभेवर प्रथम निवडून आले. या मतदारसंघाचे त्यांनी पाच वेळा प्रतिनिधित्व केले. विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते. १९७७ व १९८४ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. उत्तरायुष्यात त्यांनी शिवसेनेत प्रवेश केला.

भूसंपादनविरोधी लढा

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. मिळणारा मोबदला अपुरा असल्याची शेतकऱ्यांची भूमिका होती. कुळे, मिठागर कामगार आणि भूमिहीन यांची उपजीविका जमिनीच्या मालकीवर मोजता येत नव्हती, त्यामुळे प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला.

पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दास्तान फाटा व नवघर येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या हुतात्म्यांना दरवर्षी जानेवारीत अभिवादन केले जाते. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकास परत देण्याचे तत्त्व पुढे आले. १९९० च्या दशकात त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

बांधबंदिस्तीचा प्रश्न

संपादनाचा एक परिणाम मोबदल्याच्या चर्चेत मागे पडला. जमीन कसणारा दूर झाला, तसा बांधाची राखण करणाराही दूर झाला. खारभूमी विकासासाठी १९४८ व १९७९ चे कायदे असले, तरी बांध टिकवण्यासाठी लागणारी रोजची देखरेख गावकऱ्यांचीच होती. उरण परिसरात बांध फुटून भरतीचे पाणी भातशेतीत शिरण्याच्या घटना घडत आल्या आहेत. ज्यांच्या जमिनी शेतीखाली उरल्या, त्यांना शेजारच्या पडीक जमिनीच्या दुर्लक्षित बांधाचाही फटका बसतो.

नव्या शहराने भरतीच्या पाण्यासाठी धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची दारे बंद राहून पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. तत्त्व उघाडीचेच आहे. गाळ व कांदळवन वाढल्याने अनेक तलावांची साठवणक्षमता घटली असून, कांदळवनास कायदेशीर संरक्षण असल्याने गाळ काढण्यास परवानगी लागते. पूर्वी गाव जे काम करीत असे, ते आता यंत्रणांवर अवलंबून आहे.

निधन व स्मृती

पाटील यांचे २४ जून २०१३ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळास त्यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी २०२१ मध्ये स्थानिक भूमिपुत्रांनी मानवी साखळी व मोर्चाद्वारे आंदोलन केले. २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने तसा ठराव संमत केला.