माणसे घडविणारे डॉ. होमी भाभा

नारायणगावाहून खोडदकडे जाताना शेतमळ्यांच्या पलीकडे जाळीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. अशा एकूण 30; त्यांपैकी 14 खोडद परिसरात आणि उरलेल्या 16 तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुले तेथे हौसेने जातात. परंतु ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ही रेडिओ दुर्बीण उभारली, तिच्या संस्थापकाचे चरित्र आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल?

मी कला शाखेचा विद्यार्थी. सुट्टीच्या दिवशी युनिक्स प्रणालीच्या व्यवस्थापनाचा वर्ग करतो. मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्याने या फंदात पडू नये, असा सल्ला मला तेथे पहिल्याच दिवशी मिळाला. म्हणूनच हे चरित्र मला जवळचे वाटते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म मुंबईत 30 ऑक्टोबर 1909 रोजी झाला. घरी ग्रंथ, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीत यांची श्रीमंती होती. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा. 1927 साली होमी केंब्रिजला गेले. पण मन रमले गणितात आणि पदार्थविज्ञानात. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक, अशी वडिलांनी अट घातली. 1930 मध्ये ती त्यांनी पुरी केली आणि मग विश्वकिरणांच्या संशोधनात कीर्ती मिळविली.

1939 मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम करताना, आपली जागा याच देशात आहे, हे त्यांना उमगले. 1944 साली त्यांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहिले आणि 1945 मध्ये संशोधन संस्था उभी राहिली. तज्ज्ञ परदेशातून मागवावे लागू नयेत, ते येथेच तयार व्हावेत, हे त्या पत्राचे सार होते. 1957 मध्ये तुर्भ्यास अणुशक्तीचे प्रशिक्षण विद्यालय निघाले, तेही याच विचारातून.

संगणकाच्या बाबतीतही तेच. डॉ. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने टिफ्रॅक हा संगणक बांधला. 1960 साली तो पूर्ण क्षमतेने चालू झाला. त्या तरुणांपैकी बहुतेकांनी पूर्वी संगणक हाताळलाही नव्हता. काम करता करताच ते शिकले.

24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लाँ शिखराजवळ विमान कोसळले आणि 56 व्या वर्षी भाभा गेले. युनिक्सचा जन्म त्यानंतरचा, 1969 चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. भाभांनी ती पाहिली नाही. पण त्यांच्या संस्थेतील संगणक विभागातूनच पुढे 1985 मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले. ते नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाले. आज सी-डॅकच्या पुण्यातील वर्गांत यंत्रणा-व्यवस्थापनही शिकविले जाते. युनिक्सच्या वळणाची लिनक्स प्रणाली तर खोडदच्या शास्त्रज्ञांच्याही रोजच्या वापरातली आहे.

हे व्यवस्थापन म्हणजे तरी काय? आपल्या डिंभे धरणाच्या कालव्यावरचा पाटकरी आठवा. कोणाच्या वावरात किती पाणी, कोणती दारे कोणी उघडायची, कोठे पाझर लागला, हे तो पाहतो. येथेही कोणाला कोणती फाईल वाचू द्यायची, कोणाला बदलू द्यायची, हे ठरवावे लागते. नोंदवह्या रोज वाचाव्या लागतात. प्रत काढून ठेवावी लागते. रूट नावाच्या खात्याला सर्व दारे उघडी असतात. म्हणून ज्याच्या हाती ते खाते, त्याला संयम हवा. हे गुण काय फक्त विज्ञान शाखेलाच लाभले आहेत?

भाभा स्वतः उत्तम चित्रकार होते. आपल्या संस्थेच्या भिंतींवर त्यांनी आधुनिक भारतीय चित्रकारांची चित्रे आवर्जून लावली. कला आणि विज्ञान यांच्यामध्ये त्यांनी कुंपण घातले नाही. ते आपण का घालावे? दुर्बिणी आपल्या रानात उभ्या आहेत. त्यांच्या कुंपणाबाहेर उभे राहून नुसते पाहायचे, की शिकून आत जायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे. मी माझ्यापुरते ठरविले आहे. वर्ग अर्धवट सोडणार नाही.