तिसाव्या वर्षी रुग्णालयप्रमुख झालेले डॉ. कोटणीस

नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रुग्णालयाच्या आवारात तरुण डॉक्टरांची वर्दळ वाढली. पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टरही आता नियमानुसार तीन महिने जिल्हा रुग्णालयांत काम करतात. असा एखादा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा निवासी डॉक्टर रात्री वॉर्डचा प्रमुख असतो. तो स्वतः अजून शिकत असतो आणि त्याच वेळी इंटर्नना शिकवतही असतो. ड्यूटीचा तक्ता तोच लावतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून मध्यरात्री आलेला सर्पदंशाचा रुग्णही तोच पाहतो. नातेवाइकांना समजावणे आणि सकाळच्या राऊंडला सगळ्यांची माहिती तोंडपाठ सांगणे हेही त्याच्याकडेच. शिवाय परीक्षा डोक्यावर असते.

दिवसाचे तास पुरत नाहीत, काय करू, असे ही मुले मला विचारतात. मी त्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची गोष्ट सांगतो. नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तोही काहींना माहीत असतो. पण कोटणीसांनी आपला वेळ कसा वापरला, या अंगाने त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, पाच बहिणी आणि दोन भावांच्या मध्यमवर्गीय घरात झाला. त्यांनी मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. म्हणजे आजच्या भाषेत ते पीजीच्या उंबरठ्यावर होते.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनमध्ये जखमींची संख्या अफाट होती आणि शल्यचिकित्सक मोजके. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी गोळा करून पाच डॉक्टरांचे पथक तयार केले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकप्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर त्यांचे सहकारी. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी होते, आणि मुंबईहून निघालेले डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा कोटणीसांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जाण्याची मुभा होती, पण ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले आणि आठव्या रूट आर्मीच्या रुग्णालयात कामाला लागले. पुढे एकेक सहकारी मायदेशी परतला. कोटणीस आणि बसू मागे राहिले. १९४० मध्ये दोघे उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. नंतर बसू येनानला परतले आणि कोटणीस त्या भागात एकटेच भारतीय डॉक्टर उरले.

त्यांच्याआधी तिथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोहोचायचे होते. बेथ्यून यांच्या नावाने तिथे वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय उभे राहिले. कोटणीस त्या शाळेत शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. वय तीस. पदव्युत्तर शिक्षण राहून गेलेला डॉक्टर आता शस्त्रक्रिया, अध्यापन आणि प्रशासन एकाच वेळी सांभाळत होता. रुग्णालयही एका जागी स्थिर नव्हते. जपानी फौजांच्या मोहिमा सुरू झाल्या की जखमींसह डोंगरात हलावे लागे.

आता त्यांच्या वेळेच्या वापराकडे पाहू. मला त्यात तीन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली गोष्ट भाषेची. जखमींच्या रांगा लागलेल्या असताना परकी भाषा शिकत बसणे म्हणजे वेळ घालवणे, असे कोणालाही वाटेल. कोटणीसांनी चिनी भाषा बोलण्यापुरतीच नव्हे, तर वाचण्या-लिहिण्याइतकी शिकून घेतली आणि वर्गात चिनी भाषेतूनच शिकवले. दुभाष्यामार्फत प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ लागतो आणि अर्थ निसटतो तो वेगळाच. आमच्याकडेही हाच अनुभव आहे. भिली, पावरी, मावची किंवा अहिराणीतली शंभरेक कामाची वाक्ये ज्या डॉक्टरला येतात, त्याला दुखणे कुठे आणि कधीपासून आहे हे पाच मिनिटांत कळते. ज्याला येत नाहीत, तो अर्धा तास घेतो आणि नको त्या तपासण्या लिहून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. एका शल्यचिकित्सकाला दोनच हात असतात. दिवसाचे तास वाढवता येत नाहीत, पण काम करणारे हात वाढवता येतात. कोटणीसांनी तरुण चिनी मुलामुलींना शस्त्रक्रिया आणि जखमेची निगा शिकवली. हा वेळ वाया गेलेला नसतो. ज्या रजिस्ट्रारला सगळे स्वतःच केले की लवकर होते असे वाटते, त्याचे काम पहिल्या महिन्यात खरेच लवकर होते. सहाव्या महिन्यातही मात्र प्रत्येक सलाइन आणि प्रत्येक टाका त्याच्याच वाट्याला येतो. इंटर्नला आज शांतपणे शिकवलेली एक गोष्ट पुढे रोज आपला वेळ वाचवते.

तिसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. या धामधुमीत कोटणीसांनी शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकाचे लेखन हाती घेतले. एक भाग पूर्ण केला आणि दुसरा सुरू केला. जे रोज तोंडाने सांगायचे, ते एकदा नीट लिहिले की पुन्हापुन्हा सांगावे लागत नाही. आपल्या वॉर्डात सर्पदंश, झटके आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांच्या उपचारांचा क्रम भिंतीवर लिहून लावणे हे याच जातीचे काम आहे.

इथवर गोष्ट अनुकरण करण्याजोगी आहे. पुढचा भाग मी मुलांना जास्त सावकाश सांगतो.

१९४० च्या उत्तरार्धात शंभर रेजिमेंटची लढाई म्हणून ओळखली जाणारी मोठी मोहीम झाली. त्या काळात कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर ते सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करीत होते. चरित्रांत आणि भाषणांत हा आकडा नेहमी अभिमानाने सांगितला जातो. युद्धात दुसरा पर्याय नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण डॉक्टर म्हणून मला हा आकडा ऐकून अभिमानाबरोबर काळजीही वाटते.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी बेथ्यून शाळेतील परिचर्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. या काळात कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके येऊ लागले होते. उपचार आणि विश्रांतीसाठी आघाडीवरून बाहेर जावे, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अपुरा राहिला. आज शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे आणि सोलापुरातील त्यांच्या घरात स्मारक आहे.

जागरणामुळेच ते गेले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. अपस्माराची कारणे अनेक असतात आणि तेव्हा औषधेही मोजकीच होती. पण झोप मोडणे, अतिश्रम आणि औषध चुकणे यांमुळे झटके वाढतात, हे आज पक्के ठाऊक आहे. अपस्माराचा रुग्ण समोर आला, तर आपण त्याला पहिल्या दिवशी सांगतो की रात्री पुरेशी झोप घ्या. कोटणीसांनीही हा सल्ला कितीतरी रुग्णांना दिला असता. स्वतःच्या वेळापत्रकात मात्र त्याला जागा नव्हती.

अपुऱ्या झोपेचा धोका फक्त डॉक्टरला नसतो, रुग्णालाही असतो. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. चोवीस तासांनंतर तर तो आणखी घसरतो. दारू प्यालेल्या डॉक्टरला आपण सुई हातात धरू देणार नाही. तीस तास जागलेल्याला मात्र आपण कौतुकाने चहा देतो आणि पुढचा रुग्ण दाखवतो.

मी स्वतः निवासी डॉक्टर असताना सलग दुसऱ्या रात्रीच्या पहाटे एका लहान मुलाच्या केसपेपरवर औषधाचा डोस लिहिला. दशांशचिन्ह एक घर चुकले. डोस दहापट झाला होता. औषध भरण्यापूर्वी सिस्टर माझ्याकडे कागद घेऊन आल्या आणि एवढाच द्यायचा ना, असे त्यांनी शांतपणे विचारले. ते मूल सुखरूप घरी गेले. त्या दिवशी मी हुशार की मठ्ठ, याला काही महत्त्व नव्हते. मी झोपलेलो नव्हतो, एवढेच कारण होते. वॉर्डचा प्रमुख मीच असल्यामुळे ड्यूटीचा तक्ताही मीच लावलेला होता आणि त्यात माझ्या विश्रांतीचा रकाना नव्हता.

कागदावर नियम आहेत. निवासी डॉक्टरांचे काम सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त नसावे, असे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक साप्ताहिक सुटी आणि रोज सात-आठ तासांची झोप अशी शिफारस केली. माणसे कमी असतील तर हे आकडे पाळणे अवघड जाते, हे मी नाकारत नाही. जागा भरणे हे सरकारचे आणि आम्हा वरिष्ठांचे काम आहे. ते रजिस्ट्रारच्या माथी मारता येणार नाही. तरीही तक्ता लिहिण्याचा पेन त्याच्या हातात असतो. त्याने तीन साध्या गोष्टी कराव्यात. रात्रपाळीनंतरची सुटी आधी लिहावी आणि मग ड्यूट्या वाटाव्यात. पाळी बदलताना गंभीर रुग्णांची माहिती लेखी द्यावी, म्हणजे घरी गेलेल्याला फोन करून उठवावे लागत नाही. आणि तक्त्यात पहिले नाव स्वतःचे घालावे. प्रमुखच झोपत नसेल, तर धाकट्यांना सुटी मागायची लाज वाटते.

वाचकांनाही एक विनंती. रात्री वॉर्डातला डॉक्टर बदलला, तर आपल्या रुग्णाला वाऱ्यावर सोडले असे समजू नका. ताज्या डोक्याचा माणूस तुमच्या रुग्णाजवळ आला आहे.

कोटणीस तेव्हा एकटे होते आणि भोवती लढाई चालू होती. आमच्या मुलांभोवती लढाई नाही. त्यांनी कोटणीसांची भाषा शिकण्याची जिद्द घ्यावी, शिकवण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय घ्यावी. ७२ तासांचा तो आकडा मात्र घेऊ नये. हे सांगून झाले की मी त्या मुलाला ड्यूटीचा तक्ता दाखवायला सांगतो आणि आधी त्याचे नाव शोधतो.