सरकारी दवाखाना सगळ्यांना मोफत हवा, हे १९४६ मध्येच सांगणारे नाशिकचे जोसेफ भोर कोण होते?

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात कुणी आजारी पडलं तर आधी गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथं भागलं नाही तर भूम, आणि मोठं दुखणं निघालं तर बार्शी नाहीतर सोलापूर.

गावापासून जिल्ह्यापर्यंतच्या सरकारी दवाखान्यांच्या या साखळीचा आराखडा १९४६ च्या एका अहवालात आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना त्याचं नाव पाठ असतं, भोर समिती. पण हे भोर कोण?

डॉक्टर नव्हे, सनदी अधिकारी

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म १८७८ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्यात बिशप्स स्कूल आणि डेक्कन कॉलेजात, नंतर लंडनला. १९०२ मध्ये ते आयसीएस झाले आणि मद्रास प्रांतात रुजू झाले. पुढे कोचीन संस्थानचे दिवाण, लंडनमध्ये हंगामी उच्चायुक्त, मग व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात व्यापार आणि रेल्वे खातं, अशी त्यांची चढती कारकीर्द. ते स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांच्या पत्नी मार्गारेट मात्र डॉक्टर होत्या.

१९४३ मध्ये सरकारनं देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली आणि निवृत्त झालेल्या भोर यांना अध्यक्ष केलं. तेव्हा त्यांचं वय होतं ६५.

समितीसमोर आलेलं चित्र

ब्रिटिश इंडियात साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण हजाराला एक होतं. इथं नर्स ४३ हजारांमागे एक, तिकडं ३०० मागे एक. जन्मलेल्या हजार बाळांपैकी १६० हून जास्त बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती.

भूम त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळं इथल्या लोकांची मोजदाद या आकड्यांमध्ये नव्हतीच.

पैसे कुणी द्यायचे?

जगात तेव्हा तीन मुख्य वाटा होत्या. जर्मनीत १८८३ पासून कामगार आणि मालक विम्याचा हप्ता भरत. अमेरिकेत बहुतेकांना उपचार स्वतःच्या खिशातून किंवा खासगी विम्यातून करावे लागत. सोव्हिएत रशियात दवाखाने सरकारचे होते. ब्रिटनमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर सरकारी सेवेची चर्चा जोरात होती. समितीनं ब्रिटनचे जॉन राइल, अमेरिकेचे जोसेफ माउंटिन आणि रशियाच्या व्यवस्थेचे अभ्यासक हेन्री सिगेरिस्ट यांच्यासारख्या तज्ज्ञांना सल्ल्यासाठी बोलावलं.

विम्याचा हप्ता पगारातून कापतात. भारतात बहुतेक लोक शेतीवर जगणारे, त्यांना पगारच नव्हता. म्हणून समितीनं करांच्या पैशातून चालणारी, सगळ्यांना मोफत सेवा सुचवली. ऐपत नाही म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हा तिचा पाया होता. सरकारी डॉक्टरांना पूर्णवेळ पगार द्यावा आणि त्यांची खासगी प्रॅक्टिस बंद करावी, असंही तिनं म्हटलं.

आराखडा दोन टप्प्यांचा होता. सुरुवातीला ४० हजार लोकांमागे एक केंद्र. पुढच्या ३० ते ४० वर्षांत १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय आणि जिल्ह्याला २,५०० खाटा.

ब्रिटनची एनएचएस सुरू झाली जुलै १९४८ मध्ये. भोर समितीचा अहवाल त्याच्या दोन वर्षं आधीचा.

मग अडलं कुठं?

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली, पण एका विकास गटाला एक. समितीनं शिफारस केलेली अखिल भारतीय वैद्यकीय संस्था १९५६ मध्ये एम्सच्या रूपात दिल्लीत उभी राहिली. सरकारी खर्च मात्र कमीच राहिला आणि उरलेली जागा खासगी रुग्णालयांनी भरली. भोर यांचं १९६० मध्ये निधन झालं.

२०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर खर्च झालेल्या दर १०० रुपयांपैकी साधारण ३९ रुपये लोकांनी थेट खिशातून दिले. नुसता जास्त पैसा ओतला म्हणजे प्रश्न सुटतो, असंही नाही. अमेरिका आपल्या जीडीपीच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, तरी तिथं कोट्यवधी लोकांकडं विमा नाही.

महाराष्ट्रात आता दोन्ही वाटा एकत्र चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सरकार रुग्णांचं बिल भरतं, त्यात खासगी रुग्णालयंही आहेत. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले.

म्हणजे भोर समितीची मोफत उपचारांची अट भूमपर्यंत पोचायला ७७ वर्षं लागली. खाटांचं गणित अजून बाकी आहे. आजच्या निकषानुसार सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं आणि त्यात साधारण ६ खाटा. समितीनं त्याहून कमी लोकांसाठी ७५ मागितल्या होत्या. बार्शी-सोलापूरची वाट धरावी लागते, त्याचं एक कारण या फरकात आहे.