डोमगावचे कल्याणस्वामी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त हो, मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी निघते, सप्ताह बसतात. दुसऱ्या अध्यायात ब्रह्मदेवापुढे येऊन उभा राहणारा कली आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. जिव्हा आणि उपस्थ हातात धरून तो नाचतो, हसतो, रडतो. हे वर्णन वाचले की पारावरची आम्हा म्हाताऱ्यांची बोलणी सुरू होतात : देश बुडाला, माणसं बिघडली, आता अमुक साली तमुक होणार! पण त्याच अध्यायात कलीच्या पाठोपाठ काशीच्या दीपकाची कथा आहे. तिच्याकडे आपण थोडे कमी बघतो. एकवीस वर्षे कुष्ठी गुरूची सेवा करणाऱ्या त्या शिष्याला कलीने हात लावला नाही. असाच एक दीपक आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यात, सीनाकाठी डोमगावी राहून गेला. त्या कल्याणस्वामींचे चरित्र मी आज थोडक्यात सांगतो.

त्यांचे मूळ नाव अंबाजी. धाकट्या भावाचे नाव दत्तात्रेय. कोल्हापुरी मामांच्या आश्रयाला असताना या कुटुंबाला समर्थ रामदासस्वामींचा अनुग्रह झाला आणि अंबाजी गुरूबरोबर निघाले. मसूरच्या उत्सवाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरीवर आलेली फांदी वाटेत येत होती. समर्थांनी ती तोडायला सांगितली, तीही शेंड्याच्या बाजूला बसून! अंबाजी फांदीसकट विहिरीत गेले. वरून गुरूंनी विचारले, तेव्हा आतून कल्याण असल्याचे उत्तर आले. तेच पुढे नाव झाले. सज्जनगडावर उरमोडीचे पाणी मोठमोठ्या हंड्यांनी वाहून आणणारे, गुरूची उडालेली छाटी धरायला कड्यावरून उडी घेणारे कल्याण ते हेच.

पण त्यांची खरी सेवा लेखणीची. शिवथरच्या घळीत समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहीत. वीस दशक, दोनशे समास असा दासबोध त्यांच्या हातून उतरला.

तो काळ कसा होता, हे ध्यानात घ्या. 1630 च्या सुमारास पाऊस गेला आणि महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. वर निजामशाही, आदिलशाही, मोगल यांची ओढाताण. आपला परांड्याचा किल्लाच बघा ना, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. तिथली मुलूखमैदान तोफ 1632 साली विजापूरला ओढून नेली. रयतेचे काय झाले असेल! समर्थांनी हे अस्मानी आणि सुलतानी संकट डोळ्यांनी पाहिले आणि लिहिले. दासबोधात त्यांनी समाजाची घसरण दाखवली, पण बोट आधी आपल्याच माणसांकडे केले. ज्यांनी विचार सांगायचा तेच आळसावले, शिकवणारेच बिघडले, मग रयतेने कोणाकडे पाहावे? परचक्राला शिव्या देऊन ते थांबले नाहीत.

आणि पुढचेही त्यांनी पाहिले. आनंदवनभुवन या काव्यात त्यांनी जणू एक स्वप्न मांडले : पापी बुडाले, औरंगजेब बुडाला, तीर्थे मोकळी झाली, स्नानसंध्येला उदंड पाणी मिळाले. शिवरायांचे राज्य उभे राहिले, 1674 साली राज्याभिषेक झाला. लोकांना वाटले असणार, भाकीत खरे झाले.

पण पुढे? समर्थांनी कल्याणस्वामींना आपल्या हयातीतच डोमगावी मठ सांभाळायला पाठवले होते. 1682 च्या जानेवारीत, माघ वद्य नवमीला, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. तेव्हा जन्मभर सावलीसारखा राहिलेला हा शिष्य जवळ नव्हता, डोमगावी होता, असे परंपरा सांगते. शिवराय आधीच गेले होते. औरंगजेब सारे बळ घेऊन दक्षिणेत उतरला. 1686 साली विजापूर पडले. 1689 साली संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड गेला. 1700 साली तर खुद्द सज्जनगड मोगलांच्या हाती पडला. जिथे गुरूची समाधी, तिथेच शत्रू!

माझ्या मनाला इथेच फार लागते. स्वतःच्या कानांनी गुरूचे शब्द ऐकलेल्या, स्वतःच्या हातांनी ते उतरवलेल्या माणसाने आता काय समजायचे? गुरूचे स्वप्न खोटे ठरले म्हणायचे? की नवे साल काढून लोकांना थोपवून धरायचे? कल्याणस्वामींनी यातले काही केले नाही. मठ चालवला, शिष्य घडवले, ग्रंथ जपला, स्वतःही सोलीव सुखासारखी रचना केली. गुरूने काय होईल हे सांगितले होते, तसेच काय करावे हेही सांगितले होते. पहिले देवाचे काम, दुसरे आपले. एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

1707 साली औरंगजेब अहमदनगरात मेला. त्याच नगरकडून येणारी सीना डोमगावावरून वाहते. सात वर्षांनी, 1714 साली, आषाढ शुद्ध त्रयोदशीला कल्याणस्वामी गेले. समर्थांच्या अस्थी काशीला नेत असताना वाटेत त्यांच्याही अस्थी मिळाल्या आणि गुरुशिष्य एकत्रच गंगार्पण झाले, असे सांप्रदायिक सांगतात. मराठ्यांचे घोडे उत्तरेत गेले, ते त्यानंतर. ते बघायला स्वामी नव्हते.

मात्र त्यांनी जपलेले वाया गेले नाही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून समर्थांचे वाङ्मय गोळा केले. त्यांना डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत मिळाली आणि तिच्यावरून त्यांनी 1905 साली दासबोध छापला. आज घराघरात जो दासबोध आहे, त्यामागे आपल्या जिल्ह्यातल्या या एका मठाची राखण आहे.

कली आलेला आहेच, तो काही कोणा एका गावात किंवा एका जातीत राहत नाही. त्याने हातात काय धरले आहे, ते पोथीत स्पष्ट आहे. आपली जीभ आणि आपली वासना आपण आवरली, तर त्याला उभे राहायला जागा नाही. तेव्हा यंदा सप्ताहात दुसरा अध्याय वाचाल, तेव्हा कलीपाशी न थांबता दीपकापर्यंत या. आणि परांड्याकडे जाणे झाले, तर डोमगावी वाकून नमस्कार करा. नातवंडांनाही बरोबर घेऊन जा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥