स्लाइडपलीकडे पाहणारे डॉ. खानोलकर

खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रातील ‘खानोलकर शोधिका’ ज्यांच्या नावाने उभी आहे, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये एम.डी. होऊन ते मुंबईत अध्यापनात रमले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

पेशी कर्करोगाच्या आहेत की नाहीत, एवढे सांगून खानोलकर थांबत नसत. रुग्ण काय चघळतो, काय नेसतो, कोणत्या समाजातला, हेही त्यांना हवे असे. वर्षानुवर्षे धोतर काचून कमरेच्या त्वचेवर होणारा कर्करोग आणि खैनी ठेवण्याच्या जागी, ओठाशी होणारा कर्करोग त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये वैद्यकीय जगापुढे मांडला. कुष्ठरोगावरील त्यांचे कामही तितकेच मोलाचे.

१९५२ मध्ये त्यांनी परळला उभारलेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्रच पुढे, २००२ मध्ये, ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हणून खारघरला आले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

टाटा स्मारक केंद्राच्या प्रतिमासंग्रहावरून आता संगणकाला कर्करोग ओळखण्यास शिकवले जात आहे. त्यासाठी प्रत्येक प्रतिमेला तज्ज्ञाचे निदान आणि रुग्णाची माहिती जोडावी लागते. नुसत्या स्लाइडवर धोतराचा काच दिसत नाही.