राजाश्रय संपला, तिकीट आलं! विष्णुदास भावेंनी नाटक चालवलं कसं?

५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन का असतो? उत्तर सांगलीत आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावेंनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांसमोर 'सीतास्वयंवर' केलं. पदं सूत्रधार गायचा, पात्रं संवाद आयत्या वेळी बोलायची. पदं रचण्यापासून तालमी घेण्यापर्यंत सगळं भावेंकडे. आजच्या भाषेत लेखक, दिग्दर्शक आणि इव्हेंट मॅनेजर एकच माणूस!

आधार दरबाराचा होता. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि तो तुटला. डोक्यावर कर्ज, सोबत नटमंडळी. भावे संच घेऊन दौऱ्यावर निघाले. अशा दौऱ्यात नाटकापेक्षा बाकीचा व्याप मोठा: सगळ्यांचं जेवण, मुक्काम, सामानाची ने-आण, खेळासाठी जागा, रात्रीचा उजेड. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली खरी, पण सांगलीकरांना तिचा काय उपयोग?

त्याच वर्षी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात भावेंनी तिकीट लावून खेळ केले. आता खर्च भागवायचा तो प्रेक्षकांच्या पैशातून. खेळ पडला तर मंडळींचं जेवणही अडणार. पुढे त्यांनी नाटक मंडळी सोडली. १९०१ मध्ये त्यांचं निधन झालं. सांगलीत त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे आणि भावे गौरवपदकही ५ नोव्हेंबरलाच दिलं जातं.